अहो, कॉमिकमध्ये असं नाहीये!

२०२५ चा जुलै सुपरहिरोंच्या चाहत्यांना दिवाळी आणि निवडणूक एकदमच आल्यासारखा गेला. ११ तारखेला डीसीचा ‘सुपरमॅन’, २५ तारखेला मार्व्हलचा ‘द फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’. मध्ये जेमतेम दोन आठवडे. दोन्ही सिनेमांचे नायक कॉमिक्समधले, दोन्ही कंपन्यांची इज्जत पणाला लागलेली आणि दोन्हीकडचे चाहते बाह्या सरसावून तयार. कुणाचा खलनायक भारी, कुणाचा पोशाख बरोबर, कुणाचे पोस्ट-क्रेडिट सीन टुकार, अशी सुरुवात झाली आणि गाडी नेहमीप्रमाणे एकाच वाक्यावर येऊन थांबली : ‘कॉमिकमध्ये असं नाहीये!’

हे वाक्य म्हणजे या मंडळींचं ब्रह्मास्त्र. एकदा सोडलं की समोरचा गप्प. गल्ल्याचा निकाल तसा लवकर लागला. ‘सुपरमॅन’ने जगभरात ६१ कोटी डॉलरच्या वर कमावले, ‘फँटास्टिक फोर’ ५२ कोटींच्या आसपास अडकला. पण गल्ल्याने वाद मिटत असते तर त्यांना चाहते कशाला म्हटलं असतं? ब्रह्मास्त्रं अजून सुटतायत. ती किती फुसकी आहेत, याचे हे काही खमंग पुरावे.

चड्डी, मिशी आणि चार बोटं

सुपरमॅनने पँटवर घातलेली लाल चड्डी हा आठ दशकांहून जुना विनोद. मुळात ती आली सर्कशीतल्या ताकदवान पहिलवानांच्या पोशाखावरून. २०११ मध्ये कॉमिकनेच ती काढून टाकली, २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये हेन्री कॅव्हिलही तिच्याविनाच उडाला. २०१८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात ती परत आली. म्हणजे ‘कॉमिकमध्ये चड्डी आहे’ आणि ‘कॉमिकमध्ये चड्डी नाही’ ही दोन्ही विधानं शंभर टक्के खरी. दिग्दर्शक जेम्स गनचंही मत डळमळत होतं. नवा सुपरमॅन डेव्हिड कोरेन्स्वेट याने त्याला पटवलं ते कॉमिकचा हवाला देऊन नव्हे. त्याचं म्हणणं साधं होतं : डोळ्यांतून आग ओकणारा, डोंगर उचलणारा माणूस लहान मुलांना भीतिदायक वाटू नये, म्हणून त्याने थोडं विदूषकी दिसावं. चड्डी राहिली. या अख्ख्या वादातला सगळ्यात शहाणा मुद्दा नटाने मांडला, याची नोंद घ्यायला हवी.

त्याआधी मे २०२४ मध्ये या सुपरमॅनचा पहिला फोटो आला होता. खिडकीबाहेर शहरावर संकट कोसळतंय आणि साहेब निवांत बसून बूट चढवतायत. चाहत्यांनी संकट पाहिलंच नाही. पोशाखाच्या सुरकुत्या पाहिल्या. क्रिप्टॉनवर इस्त्री नसते का, इथपर्यंत मजल गेली.

तिकडे ‘फँटास्टिक फोर’मध्ये पेड्रो पास्कलने मिशी ठेवली म्हणून गहजब. त्याने साकारलेला रीड रिचर्ड्स कॉमिकमध्ये गुळगुळीत चेहऱ्याचा. त्याचे हात रबरासारखे लांब होतात हे चालतं, मिशी चालत नाही! पण सगळ्यात बहारदार प्रकरण पोस्टरचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या एका पोस्टरवर गर्दीतल्या एका माणसाच्या हाताला चारच बोटं दिसत होती. झालं! हे पोस्टर एआयने बनवलंय, असा बोभाटा झाला. मार्व्हलला खुलासा करावा लागला की आम्ही एआय वापरलेलं नाही. सिनेमाच्या नावातच ‘फोर’ आहे, तर एक बोट कमी पडलं म्हणून एवढं काय बिघडलं?

कुत्र्यावरून मात्र कुणी फारसं भांडलं नाही. क्रिप्टो हा केपवाला कुत्रा कॉमिकमध्ये १९५५ पासून आहे, शहाणा आणि आज्ञाधारक. सिनेमातला क्रिप्टो मालकालाच फरफटत नेतो. तो बेतलाय गनच्या स्वतःच्या कुत्र्यावर. त्याचं नाव ओझू. सुटकेनंतर घरी आणलेल्या या ओझूने गनचे बूट, फर्निचर आणि लॅपटॉपसुद्धा चावून खाल्ला होता. पडद्यावर त्याचं सोनं झालं.

कॉमिकने कॉपी मारली तेव्हा

सुपरमॅन उडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याला पहिल्यांदा कागदावर आणलं तेव्हा तो उडत नव्हता, उड्या मारायचा. एका उडीत साधारण दोनशे मीटर. १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याच्या कार्टून फिल्म काढायला घेतल्या. पडद्यावर सारखा उड्या मारणारा नायक हास्यास्पद दिसणार नाही का? मग त्यांनी त्याला सरळ हवेत सोडला, आणि पुढे कॉमिकने तेच गिरवलं. त्याला लोळवणारा क्रिप्टोनाइट तर रेडिओवरून आला. १९४३ मध्ये श्रोत्यांनी तो ऐकला, कॉमिकच्या वाचकांना तो दिसायला १९४९ उजाडलं.

छातीवरच्या ‘एस’चंही तसंच. आज प्रत्येक चाहता छातीठोकपणे सांगतो की ते अक्षर नाही, क्रिप्टॉनवरच्या घराण्याचं चिन्ह आहे. ही कल्पना रुजवली १९७८ च्या सिनेमाने. त्यात सुपरमॅनचा बाप जॉर-एल म्हणजे मार्लन ब्रँडो तेच चिन्ह छातीवर मिरवतो. ब्रँडोला काही मिनिटांच्या कामाचे ३७ लाख डॉलर आणि नफ्यात वाटा मिळाला; खुद्द सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हला दोन सिनेमांचे मिळून अडीच लाख. आणि या ब्रँडोने आधी काय सुचवलं होतं? जॉर-एल हिरव्या सुटकेसच्या रूपात दाखवा, आवाज मी देतो. दिग्दर्शक रिचर्ड डॉनरने ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आज चाहते ‘सुटकेस कॉमिकला धरून आहे का’ यावर भांडत असते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आल्फ्रेडचं. बॅटमॅनचा हा विश्वासू बटलर १९४३ मध्ये कॉमिकमध्ये अवतरला तेव्हा गोलमटोल, दाढीमिशी सफाचट आणि थोडा वेंधळा होता. त्याच वर्षी बॅटमॅनची सिनेमा-मालिका आली. तिच्यात विल्यम ऑस्टिन नावाचा नट आल्फ्रेड झाला, हा उंच, सडपातळ आणि बारीक मिशीचा. आता आली का पंचाईत? लोकांनी पडद्यावर एक आल्फ्रेड पाहिला आणि अंकात भलताच. संपादकांनी शक्कल लढवली. १९४४ च्या एका अंकात आल्फ्रेडला सुट्टीवर आरोग्यकेंद्रात पाठवला. तिथून तो वजन घटवून, मिशी वाढवून, थेट ऑस्टिन होऊन परत आला! आजवर आलेला प्रत्येक शिडशिडीत आल्फ्रेड त्या सुट्टीचा वारस आहे. बॅटमॅनची गुहाही त्याच मालिकेची देणगी, घड्याळामागचा चोरदरवाजासुद्धा.

यादी लांबवायची तर हार्ली क्विन घ्या. मार्गो रॉबीने गाजवलेली ही पोरगी कॉमिकमध्ये जन्मलीच नाही. १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनमालिकेत जोकरच्या टोळीत एका भागापुरती आली आणि ठाण मांडून बसली. ‘फर्स्ट स्टेप्स’मधला हर्बी हा लाघवी रोबो १९७८ च्या कार्टूनसाठी तयार झाला, कारण चौकडीतल्या ह्यूमन टॉर्चचे हक्क तेव्हा दुसरीकडे अडकले होते आणि चौथी जागा रिकामी होती. कॉमिकमध्ये तो मागाहून आला.

स्पायडरमॅनच्या जाळ्याची गोष्ट तर फॅन मंडळींना आजही झोंबते. कॉमिकमध्ये पीटर पार्करने स्वतःच्या डोक्याने मनगटावरचं यंत्र बनवलेलं. २००२ च्या सिनेमात सॅम रेमीने टोबी मॅग्वायरच्या मनगटातूनच जाळं काढलं, तेव्हा सिनेमा यायच्या आधीपासून निषेधाचा धुरळा उडाला होता. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, कॉमिकमधल्या पीटरच्याही मनगटातून जाळं यायला लागलं. निषेध करणाऱ्यांनी कुठे तोंड लपवलं, कोण जाणे.

निक फ्युरीच्या बाबतीत तर कोणी कोणाची नक्कल केली याचा पत्ताच लागत नाही. मूळ फ्युरी गोरा. २००२ च्या ‘द अल्टिमेट्स’ या कॉमिकमध्ये चित्रकाराने तो हुबेहूब सॅम्युएल एल. जॅक्सनसारखा काढला. जॅक्सनला न विचारता! जॅक्सन स्वतः कॉमिक्सचा शौकीन. त्याने अंक पाहिला, त्याच्या माणसांनी मार्व्हलला फोन केला, आणि ‘चेहरा वापरलात, आता सिनेमा काढाल तेव्हा काम द्या’ असा व्यवहार जमला. २००८ च्या ‘आयर्न मॅन’च्या शेवटी तो पडद्यावर आला. कॉमिकशी इतका इमानदार नट दुसरा सापडायचा नाही. कॉमिकच त्याच्याशी इमानदार होतं.

रंगाबद्दलही थोडं. हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता. छापखान्यात राखाडी काही एकसारखा उमटेना, एका पानावर काळपट, दुसऱ्यावर हिरवट. लेखक-संपादक स्टॅन लीने दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवाच करून टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये हॅरिसन फोर्ड लाल हल्क झाला, तेव्हा ‘हल्क हिरवाच हवा’ म्हणणाऱ्यांनी छापखान्याच्या शाईवर आपली निष्ठा वाहिली, एवढंच.

मानेचे दोन प्रश्न

पहिली मान जनरल झॉडची. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन त्याची मान मोडतो. इतकी वर्षं झाली, हा वाद अजून मिटलेला नाही. सुपरमॅन माणसं मारत नाही, हा चाहत्यांचा कळीचा नियम. मार्क वेड या नावाजलेल्या कॉमिक-लेखकालाही तो प्रसंग असह्य झाला होता. पण ब्रह्मास्त्र इथेही उलटतं. १९८८ मध्ये जॉन बर्नने लिहिलेल्या अंकात सुपरमॅनने झॉडसह तीन गुन्हेगारांना क्रिप्टोनाइट वापरून थंडपणे संपवलं होतं. आणि १९८० च्या ‘सुपरमॅन २’मध्ये शक्ती गेलेल्या झॉडला तो खोल दरीत भिरकावतो, वर लोक टाळ्या वाजवतात. ख्रिस्तोफर रीव्ह हसतमुख होता, बहुधा म्हणून चालून गेलं. बॅटमॅनचंही तेच. ‘बॅटमॅन बंदूक धरत नाही’ म्हणणाऱ्यांनी १९३९ चे पहिले अंक पाहू नयेत. त्यात तो पिस्तूल बाळगायचा.

दुसरी मान बॅटमॅनची स्वतःची. १९८९ मध्ये मायकेल कीटनला जो रबरी पोशाख चढवला त्यात मुखवटा, मान आणि खांदे सलग होते. डोकं वळवायची सोयच नाही. कोणी हाक मारली की कमरेपासून वर अख्खा बॅटमॅन वळायचा. कीटनने अडचणीची अदा केली. तो सावकाश, भारदस्त वळू लागला आणि प्रेक्षकांना वाटलं, वा, काय रुबाब! पुढच्या नटांनाही हेच भोग आले. शेवटी २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये ख्रिश्चन बेलचा ब्रूस वेन लुशियस फॉक्सकडे नव्या पोशाखाची मागणी करतो तेव्हा त्यातली मुख्य अपेक्षा काय, तर मान वळवता आली पाहिजे. गाडी मागे घ्यायला बरं पडेल, असा टोमणा फॉक्स मारतो. सगळ्यात चांगला बॅटमॅन कोण, यावर मतभेद असू शकतात. सगळ्यात सुखी मान कुणाची, यावर नसावेत.

आधी शिव्या, मग ऑस्कर

कीटनची निवड जाहीर झाली तेव्हा तो विनोदी नट म्हणून ओळखला जात होता. वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रं आली, असं सांगतात. पत्रं! पाकीट, टपाल तिकीट, पेटीपर्यंत चालत जाणं. रागाला तेव्हा कष्ट पडायचे. सिनेमा आला, तुफान चालला आणि आज तीच मंडळी कीटनला ‘खरा बॅटमॅन’ म्हणतात.

हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावरही हेच. ‘ब्रोकबॅक माउंटन’मधला हळवा नट काय जोकर करणार? त्याने काय केलं ते सगळ्या जगाने पाहिलं; ऑस्कर मात्र मरणोत्तर मिळालं, २००९ मध्ये. २०२० मध्ये वाकिन फिनिक्सलाही जोकरसाठीच ऑस्कर मिळालं. ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन नाकारलं म्हणून इतका आरडाओरडा झाला की पुढच्याच वर्षी अकादमीने त्या गटातल्या जागा पाचाच्या दहा केल्या. त्या जागांमधून सुपरहिरो आत शिरायला २०१८ चा ‘ब्लॅक पँथर’ यावा लागला.

आणि ह्यू जॅकमन? कॉमिकमधला वूल्व्हरिन सव्वापाच फुटांचा ठेंगू, हा सहा फुटांच्याही वर. २००० मध्ये यावरून केवढी नाराजी! २०२४ च्या ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’मध्ये तिचा हिशेब चुकता झाला. त्यात काही क्षण खरोखरच कॉमिकबरहुकूम बुटका वूल्व्हरिन दाखवलाय. थिएटरमध्ये हशा पिकतो. कॉमिकमधला पिवळा पोशाखही जॅकमनने पहिल्यांदाच अंगावर चढवून लढाई केली, चोवीस वर्षांनी. सिनेमाने १३० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला.

चाहत्यांचं ऐकावं का?

२०१७ च्या ‘जस्टिस लीग’चं काही चित्रीकरण पुन्हा करायचं ठरलं तेव्हा हेन्री कॅव्हिल ‘मिशन इम्पॉसिबल’साठी मिशी वाढवून बसला होता आणि त्या स्टुडिओने ती कापू द्यायला साफ नकार दिला. मग सुपरमॅनची मिशी संगणकावर पुसली. वरचा ओठ असा काही विचित्र दिसला की त्या सिनेमाची कथा विसरलेल्यांनाही तो ओठ आठवतो.

मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर त्या सिनेमातून बाजूला झाला होता. ‘स्नायडरची आवृत्ती दाखवा’ म्हणून चाहत्यांनी पुढची काही वर्षं जी मोहीम चालवली तिला तोड नाही. टाइम्स स्क्वेअरला जाहिरात लावली, सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनवर विमानाने फलक फिरवला. याच लोकांनी आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त रक्कमही उभी केली. हा त्यांचा चेहरा बातम्यांत कमी आला, शिवीगाळीचा जास्त. मार्च २०२१ मध्ये चार तास दोन मिनिटांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. आणि २०२२ च्या ऑस्करमध्ये प्रेक्षकांच्या कौलाने सिनेमातला सर्वाधिक जल्लोषाचा क्षण निवडला गेला, तो याच आवृत्तीतला फ्लॅशच्या धावेचा. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ आणि तीन स्पायडरमॅन एकत्र येतात तो क्षण, दोघांनाही मागे टाकून. यावर मार्व्हलवाले जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

‘डेडपूल’ही चाहत्यांमुळेच बनला. चाचणीसाठी केलेली चित्रफीत २०१४ मध्ये फुटली, लोक वेडे झाले आणि वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या प्रकल्पाला दोन महिन्यांत प्रदर्शनाची तारीख मिळाली. ५ कोटी ८० लाखांत बनलेल्या सिनेमाने ७८ कोटी डॉलर मिळवले.

पण चाहत्यांचा आवाज ऐकताना ते हसतायत की खिदळतायत हे कळायला हवं. २०२२ च्या ‘मॉर्बियस’ची इंटरनेटवर इतकी टिंगल झाली की निर्मात्यांना वाटलं, सिनेमा गाजतोय. जूनमध्ये तो हजारेक थिएटरांत पुन्हा लावला. शनिवार-रविवार धरून जेमतेम तीन लाख डॉलर जमले. एका थिएटरमागे तीनशे. टिंगल फुकट होती, तिकीट नव्हतं.

बहात्तर मतांनी गेला

फोन करून एखाद्याचा जीव घेण्याची संधी चाहत्यांना खरोखर मिळाली होती. १९८८ मध्ये बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, वाचकांना नकोसा झाला होता. डीसीने गोष्ट स्फोटाशी आणून थांबवली आणि दोन फोन नंबर छापले : एक त्याला वाचवायचा, दुसरा मारायचा. एका फोनचे ५० सेंट. निकाल लागला : मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅनकडे काचेच्या कपाटात रॉबिनचा जो विटंबलेला पोशाख दिसतो, त्यामागे कॉमिकमधलं हे फोनवरचं मतदान आहे.

१९९६ मध्ये तर डीसी आणि मार्व्हलने एकत्र येऊन आपले नायक समोरासमोर उभे केले. अकरा लढतींपैकी पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला. वूल्व्हरिनने लोबोला लोळवलं, पण कसं, ते दाखवलंच नाही. दोघं बारच्या काउंटरमागे पडतात आणि वूल्व्हरिन उठतो. वादाचा निकाल लावण्याची इतकी प्रामाणिक पद्धत मी दुसरी पाहिली नाही.

चुका काढणाऱ्यांसाठी स्टॅन लीने त्याही आधी वेगळा उपाय शोधला होता. जो वाचक अंकातली चूक दाखवेल आणि वर ती चूक का नाही हेही पटवून देईल, त्याला मार्व्हलकडून पाकीट यायचं. त्यावर बक्षीस जिंकल्याबद्दल अभिनंदन छापलेलं. आत काहीच नाही.

वैरी, पण सामायिक

ज्यांच्या नावाने चाहते एकमेकांची गचांडी धरतात त्या डीसी आणि मार्व्हलकडे ‘सुपरहिरो’ या शब्दाचा ट्रेडमार्क कित्येक दशकं सामायिक होता. तिसऱ्याला तो वापरू द्यायचा नाही, यावर मात्र एकमत! २०२४ मध्ये एका छोट्या कंपनीने आव्हान दिलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही आणि तो रद्द झाला.

कॅप्टन मार्व्हल हे नाव तर मुळात तिसऱ्याचंच. १९४० च्या सुमाराचा फॉसेट कंपनीचा तो नायक सुपरमॅनची नक्कल आहे म्हणून डीसीने खटला घातला आणि तो नायक बंद पडला. नाव मोकळं राहिलं, ते १९६७ मध्ये मार्व्हलने उचललं. नंतर तो नायक डीसीकडे आला, पण आता अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचं स्वतःचं नाव छापायची सोय नाही, म्हणून अंक ‘शझॅम’ नावाने काढावा लागला. २०१९ मध्ये दोन्ही नावांचे सिनेमे महिन्याभराच्या अंतराने आले.

आणि आज डीसीचा कारभार पाहणारा जेम्स गन? तो मार्व्हलचा ‘गार्डियन्स’वाला. २०१८ मध्ये जुन्या ट्वीट्सवरून त्याला काढलं, डीसीने लगेच काम दिलं, मग मार्व्हलने परत बोलावलं. चाहत्यांनी कुठल्या बाजूने भांडावं?

या उद्योगात खऱ्या निर्मात्यांच्या पदरात काय पडलं, हा वाद मात्र कमी होतो. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. ‘फर्स्ट स्टेप्स’ने निदान जॅक कर्बीला सलाम केला. त्यातल्या पृथ्वीचा क्रमांक आहे ८२८, म्हणजे कर्बीचा जन्मदिवस, २८ ऑगस्ट. १९९४ मध्ये हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून दहा लाख डॉलरमध्ये उरकलेला आणि कधीच प्रदर्शित न झालेला ‘फँटास्टिक फोर’ होता, त्यातले चारही नट या सिनेमात ओझरते दिसतात. चोरट्या कॉपीवर तो जुना सिनेमा पाहिलेले चाहते हे दृश्य येताच थिएटरात एकटेच ओरडतात.

आपला माणूस

मराठी घरांत ‘कॉमिकचा नायक’ म्हटलं की एका पिढीला आधी आठवतो इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. मार्व्हल-डीसीवरून भांडणाऱ्या भाच्याला गप्प करायला एवढं पुरेल : घट्ट पोशाख आणि मुखवट्याचा हा वेताळ १९३६ चा, सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी थोरला. त्याचाही रंग छापखान्यानेच ठरवला. त्याचा जनक ली फॉक याच्या मनात राखाडी होता, रंगीत पुरवणीत जांभळा आला. इटलीत तो लाल आहे आणि स्कँडिनेव्हियात निळा.

१९८७ मध्ये आपल्याकडे हिंदीत ‘सुपरमॅन’ही निघाला होता. नायक पुनीत इस्सर, म्हणजे ‘महाभारत’मधला दुर्योधन, क्रिप्टॉनवरचा बाप धर्मेंद्र. तुलना करणाऱ्यांनी हा सिनेमा सोयीस्करपणे वगळलाय. २०२५ च्या सुपरमॅनवर मात्र आपल्याकडे वेगळाच वाद पेटला : सेन्सॉर बोर्डाने सुपरमॅन आणि लोइसच्या चुंबनाची ३३ सेकंदं कापली. मारामारी, इमारती कोसळणं, सगळं जागच्या जागी.

‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. त्यातला पवित्र प्रभाकर २००४ च्या भारतीय कॉमिकमधून आलेला, तिथे तो मुंबईचा आणि धोतर नेसून भिंती चढणारा. सिनेमात मुंबई आणि मॅनहॅटनची सरमिसळ करून त्याच्या शहराचं मुंबत्तन केलं आणि तो पाहुण्यांना शहर दाखवताना पहिल्यांदा ट्रॅफिक दाखवतो, मग आणखी ट्रॅफिक. इथे ‘कॉमिकमध्ये असं नाहीये’ म्हणायची कुणाची टाप नाही. गंमत म्हणजे या सिनेमाच्या किरकोळ फरक असलेल्या आवृत्त्या वेगवेगळ्या थिएटरांत एकाच वेळी चालू होत्या. दोन मित्र एका संवादावरून हमरीतुमरीवर येत होते आणि दोघंही बरोबर होते.

खुर्च्या

मार्च २०२५ मध्ये मार्व्हलने एक थेट प्रक्षेपण केलं. पडद्यावर काय, तर खुर्चीची पाठ आणि तिच्यावर नटाचं नाव. थोड्या वेळाने दुसरी खुर्ची. असं साडेपाच तास. ‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ची नटमंडळी जाहीर करण्याची ही रीत, आणि लोक ते मन लावून बघत होते. सत्तावीस नावं झाली. कुणाची खुर्ची कुणाशेजारी, स्पायडरमॅनची का नाही, यावर रात्री जागवल्या. शेवटची खुर्ची रॉबर्ट डाउनी ज्युनिअरची. अकरा वर्षं आयर्न मॅन होता तोच माणूस आता डॉक्टर डूम.

आयर्न मॅनच्याच चेहऱ्याचा डूम? कॉमिकमध्ये असं नाहीये, अशी हाळी लगेच उठली. तेवढ्यात कुणीतरी २०१६ चे अंक काढले. त्यात टोनी स्टार्कच्या गैरहजेरीत डॉक्टर डूमच चिलखत चढवून आयर्न मॅन होतो. आता दोन्ही बाजू पुरावा म्हणून तेच अंक दाखवतायत.